दिवे लागेपर्यंत हसायचं नाही

दातकाकांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, नावं तर त्याहून नाहीत. पण माणसाने तोंड उघडलं, की त्यांना सगळं आठवतं. भर रस्त्यात एखाद्याला थांबवून ते म्हणणार, "अरे, तू तो वरचा सुळा वाकडा असलेला ना? आई बरी आहे का? तिची खालची कवळी टोचायची बघ." एकदा एका लग्नात त्यांनी नवऱ्यामुलाच्या आत्याला सगळ्यांदेखत सांगितलं, "हसा की मोकळेपणाने. मी केलेली कवळी आहे, पडायची नाही." आत्याबाई जेवायच्या आधीच निघून गेल्या. तेव्हापासून कुठल्याही समारंभाला निघताना दातकाकांची बायको त्यांच्याकडून दारातच तोंड बंद ठेवण्याचा शब्द घेते. दुसऱ्यांच्या उघड्या तोंडांवर ज्याचं पोट चालतं, त्याला स्वतःचं बंद ठेवणं जडच जाणार.

दातांच्या दवाखान्याच्या मागे त्यांची खोली आहे. पुढच्या खोलीत डॉक्टर दात उपटतात, मागच्या खोलीत दातकाका नवे करतात, आणि एकमेकांच्या कामात कोणी नाक खुपसत नाही. खोलीत वितळलेल्या मेणाचा वास असतो, घासायच्या मोटरची घरघर असते आणि प्लास्टरची पांढरी भुकटी सगळ्यांवर बसलेली असते, दातकाकांच्या भुवयांवरसुद्धा. भिंतीला लांबलचक फळी आहे आणि तिच्यावर मापावरून ओतलेले गावभरचे प्लास्टरचे जबडे मांडून ठेवलेत. फळीच्या वर, खिळ्याला, एका बाईचा फोटो. मान किंचित तिरकी, तोंडभर हसू, आणि समोरचा एक दात व त्याच्या शेजारचा दात यांच्यामध्ये बारीकशी फट. "एवढी सुंदर बाई, ती फट तेवढी बुजवून द्यायची ना," असं एका पेशंटने सहज म्हटलं होतं. त्याची कवळी दातकाकांनी व्यवस्थित करून दिली, पण त्याच्याशी ते पुन्हा बोलले नाहीत.

फोटोतली बाई म्हणजे 'आपली'. सिनेमातली नटी. पडद्यावरचं नाव भारदस्त होतं, खरं नाव वेगळंच होतं, पण तिच्या चाहत्यांत तिला कोणी नावाने ओळखत नाही. "आपलीचा तो सिनेमा", "आपली काय दिसलीय त्यात", एवढ्यावर भागतं. ती ऐन उमेदीत आजारपणाने गेली. त्याला आता इतका काळ लोटलाय, की तिच्या चाहत्यांचे जबडे एकेक करून दातकाकांच्या फळीवर येऊन बसलेत. तरी तिचा दिवस अजून पाळला जातो. आणि तो कसा पाळायचा, हे ठरलं ते दातकाकांच्या ताईमुळे.

ती गेल्याची बातमी सकाळी रेडिओवर आली. गावातल्या थिएटरला नेमका तिचाच सिनेमा लागला होता, तोही पोट धरधरून हसवणारा. ताई तेव्हा नुकती कॉलेजात जायला लागलेली, दातकाका हाफ चड्डीतले. ताई धाकट्या भावाचा हात धरून सिनेमाला गेली, कारण घरी रडायची सोय नव्हती. आईने लगेच विचारलं असतं, "कोण लागते ती तुझी?" थिएटर गच्च भरलेलं होतं. पडद्यावर आपली शिडीवरून धपकन पिठाच्या पोत्यात पडली. इन्स्पेक्टरला प्लंबर समजून तिने त्याला बाथरूममध्ये कोंडलं आणि नळ गळायचा थांबेपर्यंत बाहेर सोडलं नाही. एवढ्या गर्दीत एक माणूस हसला नाही. हुंदके तेवढे ऐकू येत होते. सिनेमा संपला, दिवे लागले, लोक मान खाली घालून उठायला लागले, आणि ताईला एकदम तो ओलाचिंब इन्स्पेक्टर आठवला.

ती हसली. म्हणजे काय हसली! ताईचं हसू घरात आधीच बदनाम होतं, गल्लीच्या टोकापर्यंत जायचं. पुढच्या रांगेतला एक किडकिडीत मुलगा गर्रकन मागे वळला आणि तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. मग तो हसला, मग त्याच्या शेजारचा, मग सगळं थिएटर डोळे पुसत पुसत हसलं. त्या किडकिडीत मुलाचे पुढे भाऊजी झाले, हे काही वेगळं सांगायला नको.

तेव्हापासून रीत पडली. आपलीच्या दिवशी सकाळपासून हसायचं नाही. ओठ जरासे ताणले तर चालतील, पण दात दिसता कामा नयेत. संध्याकाळी थिएटरच्या पायऱ्यांवर जमायचं, वरच्या पायरीवर तिचा फोटो ठेवायचा, गाण्याच्या बाईंनी तिचं एक गाणं म्हणायचं. आणि दिवे लागले, की हसू सोडायचं. उपास सोडतात ना, तसं हसू सोडतात, आणि ते सोडायचा मान ताईचा. आधी ताई, मग बाकीचे. दरवर्षी भाऊजी ताईच्या खालच्या पायरीवर बसायचे आणि दिवे लागायच्या बेतात आले, की मागे वळून तिच्याकडे बघायचे. लग्न झालं, मुलगी झाली, ती लांब देशी जाऊन स्थायिक झाली, भाऊजींचं डोकं पार तुळतुळीत झालं, तरी मागे वळणं काही चुकलं नाही.

कोणी म्हणेल, काय हे दुखवट्याचं सोंग! म्हणू द्या. दिवसभर न हसता राहून बघा म्हणजे कळेल. साहेबाने विनोद केला तर सोपं जातं, बाकी फार अवघड काम आहे.

थिएटर कधीच बंद पडलं. आता तिथे बाथरूमच्या सामानाचं भलंमोठं दुकान आहे. पडदा होता त्या भिंतीला वॉश बेसिनांची रांग लावलीय आणि प्रत्येक बेसिनवर एकेक आरसा. पायऱ्या मात्र त्याच आहेत. दुकानाची मॅनेजर एक तरुण मुलगी. पहिल्यांदा ही मंडळी जमली, तेव्हा तिला वाटलं, म्हातारे नळाची तक्रार घेऊन मोर्च्याने आलेत. खरं कारण कळल्यावर तिने कपाळाला हात लावला. पण पुढच्या वर्षी तिने आपण होऊन पायऱ्या पुसून ठेवल्या.

तर असं सगळं छान चाललेलं असताना ताईचे वरचे दात हलायला लागले आणि डॉक्टरांनी ते एकेक करत सगळे काढले. जखमा भरल्यावर ती कवळीचं माप द्यायला आली, तेव्हा भाऊजी बरोबर होतेच.

"धाकटेराव," भाऊजी म्हणाले, "करायचीच आहे तर आपलीसारखी फट ठेवून करा. लग्नाआधी दातांत काडेपेटीची काडी घालून झोपायची ही. फट काही पडली नाही, गुलाचा वास तेवढा आला."

ताई तोंडावर रुमाल धरून इतकी हसली, की डॉक्टर पुढच्या खोलीतून डोकावून गेले. "आणि डाव्या बाजूला हं, धाकट्या," ती म्हणाली. "डाव्या. नाहीतर विसरशील."

दातकाकांनी ताईचं ऐकलेलं तेवढं शेवटचं हसू. कवळी व्हायच्या आतच भाऊजी गेले. दुपारी जेवून जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

ताई रडली. मग रडायची थांबली आणि तिथेच थांबून राहिली. कवळी नको म्हणाली. "पातळ-मऊ खाते, चाललंय माझं. दात आता दाखवायचेत कुणाला?" घर टापटीप होतं, औषधं वेळच्या वेळी होती, मुलीचा फोन आला की "बरी आहे गं" ठरलेलं होतं. दातकाका रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन विनोद सांगायचे. आता, विनोद दातकाकांना जन्मात कधी जमले नाहीत. शेवट ते आधीच सांगून टाकतात. पूर्वी ताई त्यालाच हसायची. आता म्हणायची, "छान होता." शाळेतून येताना ज्या आवाजावरून त्यांना वळणावरच कळायचं, की ताई घरी आहे, तो आवाज आता परत कानावर पडणारच नाही, या विचाराने ते धास्तावून गेले होते. माणूस समोर बसलेला आहे आणि आपण त्याच्यासाठी झुरतोय, असं त्यांचं झालं होतं.

त्यातच कंडक्टर येऊन ठेपले. हे बसवरून निवृत्त झाले, पण शिस्त अजून ड्यूटीवर आहे. आपलीच्या दिवसाचं सगळं नियमाने होतंय ना, हे तेच बघतात.

"ताई येणार का?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"बघतो विचारून."

"बघतो नाही. त्या आल्या नाहीत तर हसू कोण सोडणार? दुसऱ्या कुणी सोडलेलं मला चालायचं नाही. मग यंदापासून बंदच करून टाकू. तशी माणसं तरी उरलीत किती?"

कंडक्टर गेल्यावर दातकाका बराच वेळ फळीसमोर उभे राहिले. मग त्यांनी मागच्या रांगेतून ताईचा जबडा काढला, फुंकर मारून भुकटी उडवली आणि मेण तापत ठेवलं.

"अहो, हे माप जुनं झालं," डॉक्टर म्हणाले. "हिरड्या बसल्या असतील एव्हाना. सैल होणार."

"होऊ दे सैल," दातकाका म्हणाले. "घालायला तरी तोंड उघडेल ती."

मेणात दात मांडायला बसले, तेव्हा फटीचा प्रश्न आला. ताई डाव्या म्हणाली होती. दातकाकांनी मान वर करून फोटोकडे बघितलं. फोटोत फट डावीकडे दिसत होती खरी. पण समोरून डावीकडे, म्हणजे आपलीच्या स्वतःच्या उजव्या बाजूला. दातांच्या धंद्यात डावं-उजवं नेहमी पेशंटचं धरतात, बघणाऱ्याचं नाही, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलेलं, की ते घरातसुद्धा बायकोला "तुझ्या उजव्या हाताचं कपाट" म्हणतात आणि ती हमखास भलतंच उघडते. ताई बिचारी प्रेक्षक, तिला काय कळणार, असं मनाशी म्हणत त्यांनी फट उजव्या बाजूला ठेवली. एकेक दात असा बसवला, की आपलीनेही आपला म्हणावा. पॉलिश झाल्यावर कवळी डबीत ठेवली.

ताईला आणायला जास्त गयावया करावी लागली नाही. "येते," ती म्हणाली. "आपलीसाठी येते. पण हसायला सांगू नकोस मला. माझ्याच्याने व्हायचं नाही."

त्या संध्याकाळी सगळे पायऱ्यांवर जमले तेव्हा अजून लख्ख उजेड होता. कंडक्टर ठेवणीतला कोट घालून आले होते. गाण्याच्या बाईंनी गाणं म्हटलं. वरचा सूर आता लागत नाही, तिथे त्या डोळे मिटतात आणि सगळे मनातल्या मनात तो लावून घेतात. ताई तिच्या नेहमीच्या पायरीवर बसली होती. तिच्या खालची पायरी रिकामी होती. तिथे कोणी बसलं नाही. दातकाका ताईशेजारी बसले, त्यांनी खिशातून डबी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

ताईने झाकण उघडलं आणि तिचा चेहराच बदलला. "नको म्हटलं होतं ना तुला?"

"भाऊजींनी सांगितलेलं काम आहे. अर्धवट कसं ठेवू?"

ताईने झाकण लावलं. दातकाकांना वाटलं, आता ही डबी रस्त्यावर भिरकावणार. पण ती उठली. "आरसा कुठे मिळेल?" तिने मॅनेजरला विचारलं.

"आजी, आमच्याकडे आरशांशिवाय आहे काय!" मुलगी म्हणाली आणि तिला हाताला धरून आत घेऊन गेली. पाठोपाठ सगळेच आत शिरले. जिथे पडदा होता त्या भिंतीपाशी, एका बेसिनसमोर, ताई सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली. तिने कवळी घातली. ओठ मिटले. मग हळूच वेगळे केले.

सगळे टाचा उंचावून आरशात डोकावायला लागले.

"उलटी केलीस," ताई म्हणाली.

"काय?"

"फट उलटी केलीस, धाकट्या! डाव्या बाजूला म्हटलं होतं मी. पडद्यावर डावीकडे दिसायची. याच भिंतीवर दिसायची, किती वेळा बघितलीय! आता आरशात बघ, कुठे दिसतेय? उजवीकडे!"

"अगं, पण तिच्या उजव्या बाजूलाच होती. ती आपल्याकडे तोंड करून असायची म्हणून आपल्याला डावी दिसायची. आमच्यात पेशंटचं डावं-उजवं धरतात."

"पेशंट? आपलीला पेशंट म्हणतोस?"

"ताई, दातकाकांचं बरोबर आहे," कंडक्टर मध्ये पडले. "बसमध्ये बघा, मी ड्रायव्हरकडे पाठ करून उभा राहिलो, की त्याचं डावं ते माझं..." त्यांनी दाखवायला म्हणून गिरकी घेतली आणि शॉवरच्या पडद्यात गुंडाळले गेले. गाण्याच्या बाई आरशासमोर उभ्या राहून एकदा हा हात, एकदा तो हात वर करून बघायला लागल्या.

"हे बघ, सोपं आहे," दातकाका घायकुतीला येऊन म्हणाले. "समज, मी आपली आहे. असा तुझ्यासमोर उभा आहे. आता अशी मान तिरकी केली..." मान तिरकी करून, हात पसरून, आपलीसारखं लाजत लाजत ते एक पाऊल मागे सरकले. मागे टब होता. दातकाका धपकन टबात बसले, पाय हवेत आणि भुवयांवर अजून प्लास्टर. धडपडीत हात नळाला लागला. तो नळ नुसता दिखाऊ असेल, असं कुणालाही वाटलं असतं. पण मॅनेजर मुलीने गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी नेमकं त्याच नळाला पाणी जोडून घेतलं होतं. दातकाका डोक्यापासून ओलेचिंब झाले.

आधी एक बारीक आवाज आला, पोकळ किल्लीत फुंकर मारावी तसा. मग तो फुटला. ताई हसत होती. बेसिनला धरून, वाकून, डोळ्यांतून पाणी गळत, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारं ते जुनं बदनाम हसू. "इन्स्पेक्टर!" ती कशीबशी म्हणाली, आणि तेवढ्यात कवळी सटकली. तिने ती हवेतल्या हवेत झेलली, बघितली आणि आणखीच हसायला लागली.

"ताई!" शॉवरच्या पडद्यातून कंडक्टर ओरडले. "अजून दिवे लागले नाहीत!"

मॅनेजर मुलगी धावतच भिंतीपाशी गेली आणि तिने सगळी बटणं दोन्ही हातांनी एकदम खाली ओढली. भर उजेडात दुकानातला एकूण एक दिवा लागला. आरशांवरचे, छतातले, पायऱ्यांवरचे, बाहेरच्या पाटीवरचेसुद्धा. "घ्या," ती धापा टाकत म्हणाली. "लागले दिवे."

कंडक्टरांनी पडदा बाजूला सारून वर बघितलं. नियमात बसतंय की नाही, याचा क्षणभर विचार केला. मग त्यांचे दात दिसले. वरचे सगळे दातकाकांनी केलेले. मग गाण्याच्या बाई हसल्या, मग मुलगी, मग दातकाका टबातच बसून हसले. त्यांच्या गालांवरून वाहणारं सगळंच पाणी नळाचं नव्हतं. इतका आनंद त्यांना आयुष्यात मोजक्याच वेळा झाला असेल, आणि त्यातल्या बऱ्याच वेळा ताईच्याच हसण्याने झाला असेल.

नंतर सगळे पुन्हा पायऱ्यांवर येऊन बसले. दातकाकांच्या अंगावर मुलीने आणून दिलेला, किमतीची चिठ्ठी तशीच लटकणारा टॉवेल होता.

"सैल आहे रे फार," ताई म्हणाली.

"उद्या ये. आतून अस्तर लावून घट्ट करून देतो. आणि फट डावीकडे हवी असेल तर तीही करतो, भांडू नकोस."

"सकाळीच येते." ताईने जिभेने फट चाचपली. मग म्हणाली, "फट राहू दे. माझंच चुकलं. मी ती आरशात बघायला गेले. मला ती उलटीच दिसणार. ते खालच्या पायरीवरून मागे वळून बघायचे ना... त्यांना बरोबर दिसली असती."

दातकाकांनी टॉवेलच्या टोकाने तोंड पुसलं. समोर रस्त्यावरून माणसं कामावरून घरी चालली होती आणि भर उजेडात झगमगणाऱ्या दुकानाकडे बघत होती.

"धाकट्या," ताई म्हणाली, "खालच्या पायरीवर बस."

दातकाका टॉवेल सावरत उठले आणि भाऊजींच्या पायरीवर जाऊन बसले.

"आता वळ."

ते मागे वळले. ताईने कवळी अंगठ्याने वर दाबली, मान किंचित तिरकी केली आणि हसली.

"कुठे दिसतेय?"

"डावीकडे," दातकाका म्हणाले.